तिच्या बाटलीतल्या कॅप्सूल

लॉन्ड्रीत सगळे तिला इस्त्रीताई म्हणत. वीस वर्षं ती हॉटेलांच्या चादरी वाफेच्या इस्त्रीखाली घालत आली होती. एकावन्नाव्या वर्षी तिची पाळी जायला लागली, अंगाची लाही लाही सुरू झाली, पण कुणाला पत्ता लागला नाही. त्या वाफेत घाम सगळ्यांनाच यायचा. घरी मात्र ती मिठाच्या डबीवरूनही भांडायची.

शेवटी चादरींच्या घड्या घालणाऱ्या मैत्रिणीने तिला एक हिरवी बाटली दिली. वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल, रोज दोन. "झाडपाल्याचं आहे गं, त्याने काय होतंय?"

दोन महिन्यांत तिला गाढ झोप लागायला लागली. औषधाने की आपोआप, देव जाणे. मैत्रीण बाटल्या आणून देत राहिली. त्या लवकर संपत होत्या, पण आपणच विसरून दोनदा घेत असू, असं तिला वाटलं.

एका रविवारी सकाळी नवरा दाढी करत होता. बस चालवायची नोकरी संपून त्याला वर्ष झालं होतं. हृदयाची झडप बदलल्यापासून तो रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचा. हनुवटीला जरासं कापलं. अर्धा तास टॉवेल दाबून धरला तरी रक्त थांबेना. त्याने बनियन काढला. पाठीवर तळहाताएवढा काळानिळा डाग.

"अहो, हे कशाने?"

"कपाटाचा कोपरा लागला असेल."

तिने त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "रक्ताची गोळी जास्त घेतलीत?"

"नाही, ही रोज हातावर देते."

"मग दुसरं काही?"

त्याने छताकडे पाहिलं. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार तपकिरी कॅप्सूल.

"अहो, या माझ्या आहेत!" ती ओरडलीच. "बायकांच्या, पाळी जायच्या वेळच्या!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून ऐकू लागला.

"ते बारीक अक्षर मला कुठे दिसतंय," नवरा पुटपुटला. "नोकरी सुटल्यापासून मला झोप नाही. तूही तळमळायचीस, आणि एकदम घोरायला लागलीस. म्हटलं, गुण आहे यात."

"केव्हापासून?"

"झाले पाच महिने."

तिने पुरचुंडी त्याच्या हातातून काढून घेतली. पाच महिने हा माणूस हातभर अंतरावर जागा होता आणि तिला कळलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नवी बाटली मागवताना मैत्रिणीला पाठवलेला बाटलीचा फोटो तिने मोबाइलवर दाखवला, तो मोठा करून त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "या मुळीनेही रक्त पातळ होतं. वर तुमची ती गोळी. झाडाचं असलं तरी शेवटी औषधच ना? दाढीचं कापलं म्हणून कळलं. डोक्यात रक्त सुटलं असतं तर?" मग तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला कुणी तपासलंय?"

कुणीच नव्हतं.

चार दिवसांनी तो घरी आला. झोपेसाठी त्याला वेगळ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिलाही तपासणीची तारीख मिळाली.

कामावर गेल्यावर तिने मैत्रिणीला सगळं सांगितलं. मैत्रीण आधी खुदकन हसली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं गं?"

"माझी आईपण ती रक्त पातळ करायची गोळी घेते," ती म्हणाली. "गुडघ्यांना बरं म्हणून मीच तिला बाटली दिलीय."

हातातली चादर खाली टाकून मैत्रीण आईला फोन लावायला धावली.