थेंबबाई आणि मधातला आंबटपणा

हां, आणि हेही लिही, की वन्संनी जन्मात कधी घाई केली नाही. चहा गाळायला घेतला तर पाहुणा दोनदा घड्याळ बघतो. म्हणून तर मध तपासायच्या खोलीत त्यांना सगळे थेंबबाई म्हणतात. वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, तेवढं घाल, नाहीतर वाचणाऱ्याला काय कळणार.

खोली कसली, एक लांब ओटा, दोन नळ, आणि खिडकीशी आकडे कोरलेल्या काचेच्या दोन उभ्या नळ्या. मधात आंबटपणा असतोच बरं का, माश्याच तो घालतात. पण मध आंबायला लागला की तो वाढतो. किती वाढला, ते वन्सं मोजतात. मध पाण्यात विरघळवायचा, त्यात रंगाचं औषध टाकायचं, आणि नळीतून कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी थेंब थेंब सोडायचं. आंबटपणा संपला की पेला गुलाबी होतो. सोडा किती लागला, त्यावरून आकडा काढायचा. पन्नासच्या वर गेला की मध नापास.

एकदा एका म्हाताऱ्या मधवाल्याचा आकडा आला चोपन्न. बारा पिंपं होती त्याची, वर्षभराची मेहनत. तो काही भांडला नाही. बाटलीतला मध बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाला, "बाई, आंबला असता तर फेस आला असता, वास आला असता. तुमच्या नळीतलं मला कळत नाही, पण जीभ माझी आहे."

वन्संनी तोच मध ओट्याच्या पलीकडच्या टोकाला दिला. तिथल्या माणसाला वादळ म्हणतात. त्यानं शीळ घालत झटक्यात मोजला, पंचेचाळीस. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य बाईंनी, त्याचा कागद बघितलासुद्धा नाही. थेंबबाईंपुढे वादळाचं कोण ऐकतंय? म्हाताऱ्याला सांगितलं, परवा येऊन पिंपं घेऊन जा.

दुसरी कुणी असती तर फुशारली असती. वन्संच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. मध तोच, सोडा तोच, मग नऊचा फरक आला कुठून? आधी त्यांनी वादळाचीच चूक शोधली. त्याची नळी धुतली, वजनकाटा तपासला. काही हाती लागेना. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि नुसते त्याचे हात बघत राहिल्या. गुलाबी दिसलं की तो तोटी बंद करायचा आणि आकडा लिहून मोकळा. वन्सं थांबायच्या. थांबलं की रंग फिका पडायचा, मग आणखी एक थेंब. पुन्हा फिका, पुन्हा थेंब. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आधीच्या बाईंनी तसंच शिकवलं होतं.

"मी थांबते तेव्हाच तो फिका का पडतो हो?" वन्संनी विचारलं.

"मला काय माहीत? मी थांबतोच कुठे?"

मग वन्संनी सहा पेले मांडले, सगळ्यांत त्या म्हाताऱ्याचाच मध. पहिला भराभर मोजला, पुढचा जरा सावकाश, करत करत शेवटचा अगदी आपल्या चालीनं. आकडे जिना चढावा तसे चढत गेले. मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. मधातला थोडा आंबटपणा म्हणे मिटलेला असतो. सोड्यात जास्त वेळ राहिला की तो उघडतो. तो या आकड्यात धरायचाच नसतो, म्हणून दोन मिनिटांच्या आत उरकायचं, असं तिथं छापलेलंच होतं.

मला सांगताना वन्सं हसल्या. "वहिनी, मध आंबला नव्हता. मीच त्याला आंबट ठरवत होते."

म्हाताऱ्याची पिंपं पास झाली. तो मान हलवून गेला. वन्संना मात्र चैन पडेना. त्यांनी जुन्या वह्या काढल्या, पन्नासच्या जरासं वर जाऊन नापास झालेले शोधले. सात निघाले. सहा जणांना निरोप गेले. सातवी एक बाई, तिचा आकडा बावन्न. वहीत पत्ता नाही, नुसतं लिहिलंय, 'पुलापलीकडची, निळ्या पेट्यांवाली, मध गडद.' वन्सं दोनदा जाऊन आल्या, तिथं आता कुणी राहत नाही. बाईनं माश्या ठेवल्यात की सोडून दिल्या, कोण जाणे.

तर वाचणाऱ्यांनो, ही बाई कुठं भेटली तर तिला एवढं सांगा, तेव्हाचा तुझा मध चांगला असेलही, चूक आमच्याकडची होती. माश्या असतील तर एक बाटली घेऊन ये म्हणावं, वन्संना बघायचाय.