पाठ केलेला डाव

अख्ख्या डोंबिवलीत कम्प्युटरला बुद्धिबळात हरवणारा मी एकटाच होतो. म्हणजे मला येणारा डावच एक, तोपण पाठ केलेला. मेहुण्याच्या कम्प्युटरवर मी तीच सुरुवात करायचो, तो तीच उत्तरं द्यायचा आणि हरायचा.

गणपतीत सासऱ्यांना मुद्दाम समोर बसवलं, कारण त्यांनी मला कधी हुशार म्हटलेलं नव्हतं. सुरुवातीलाच कम्प्युटरने भलताच घोडा काढला. मी आपला पाठ केलेलंच खेळत राहिलो आणि वजीर फुकट घालवला.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, गेल्या आठवड्यात नवीन प्रोग्राम टाकलाय. हरला की तशी सुरुवात परत खेळत नाही. परवा तुम्हीच हरवलंत ना त्याला?"

सासरे उठले. "जावईबापू, ते हरून शिकलं. तुम्ही जिंकूनपण शिकला नाहीत."