वांग्याची निर्दोष सुटका

आमच्या जळगावकडे ऐन हिवाळ्यात माणसाला ‘भरीत खाऊ नको’ म्हणणं म्हणजे जन्मठेपच. इतकी वर्षं कोर्टात उभी राहतेय, पण एवढी कडक शिक्षा मी कुणाला झालेली पाहिली नव्हती. झाली ती यावलकडच्या एका आबांना, आणि तीही माझी सून डॉक्टर आहे त्याच दवाखान्यात.

आबा ताप घेऊन आले होते. मोठ्या डॉक्टरांनी घाईघाईत इंजेक्शन लिहिलं, नर्सने दिलं, आणि घटकाभरात आबांचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. माझ्या सुनेने धावपळ करून त्यांना सावरलं. मग तिने आबांच्या बायकोला, अक्कांना, विचारलं तेव्हा कळलं की याच औषधाने आबा मागेही असेच सुजले होते. इंजेक्शनआधी कुणी विचारलंच नव्हतं! पण मोठे डॉक्टर म्हणाले, केसपेपरवर लिहा, काल खाल्लेलं भरीत बाधलं. वांग्याने अंग उठतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांना भरीत कायमचं बंद. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

सून ऐकेना. “उद्या दुसरीकडे कुणी तेच इंजेक्शन दिलं तर आबा जातील,” म्हणाली आणि तिने दवाखान्याच्या ट्रस्टींना सगळं कळवलं. मोठे डॉक्टर भडकले. ही खाल्ल्या घरचे वासे मोजते, हिला काढून टाका, म्हणून अडून बसले.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, “आई, कायदा आहे ना माझ्या बाजूने?”

मी तिची सासू, त्यातून वकील. भाजीवाल्याकडूनसुद्धा कधी हरून आलेली नाही. सगळी पुस्तकं उपसली. डॉक्टरवर कुणी हात उचलला तर त्याला कायदा आहे. पण खासगी दवाखान्यातली चूक सांगितली म्हणून डॉक्टरची नोकरी गेली, तर चटकन पुढे करावं असं एकही सरळ कलम सापडेना. अस्सा संताप आला! “कलम नसेल, मी आहे ना,” म्हणाले आणि तिच्याबरोबर ट्रस्टींपुढे जाऊन बसले. आबांनाही बोलावलं होतं.

मुख्य ट्रस्टी मारवाडी शेठजी, जैन, जन्मात वांग्याला हात न लावलेले. मोठे डॉक्टर त्यांच्यापुढे वांग्याचे एकेक अपराध मांडत होते. मी उठणार, तोच आबा बोलले, “शेठ, भरीत तं बठ्ठा गावनी खादं. मंग माले एकलालेच सूज कशी उनी?”

अख्ख्या गावाने खाल्लं आणि सूज एकट्या आबांना! शेठजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाले. “केसपेपरवर खरं कारण लिहा. आणि वकीलबाई, तुम्ही आमचा नियम लिहा. चूक सांगितली म्हणून इथे कुणाची नोकरी जाणार नाही.”

मी तो तिथेच उभ्या उभ्या लिहून दिला. सून नोकरीवर, वांगं निर्दोष! आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं मला.

मग आबांनी अख्ख्या दवाखान्याला भरीत पार्टीचं आवतण दिलं. केळीच्या बागेत कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या, शेठजींसाठी अक्कांनी वेगळी दाळबट्टी केली. सुनेला तर बायकांनी आग्रह करकरून जेरीस आणलं. मोठे डॉक्टरही आले, पण कडेला उभे. आबा ताट घेऊन थेट त्यांच्यापुढे गेले आणि वाढता वाढता थांबले.

“साहेब, तुमले कशानी अ‍ॅलर्जी तं नाही ना?”

मोठ्या डॉक्टरांनी ताट हातात घेतलं.

“नाही, आबा,” ते म्हणाले. मग माझ्या सुनेकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे मी विचारायला हवं होतं.”

“मंग जेवा,” म्हणत आबांनी भरिताचा भलामोठा गोळा त्यांच्या ताटात वाढला.