फरिदाचं थंडीतलं अंगण

फरिदाच्या बागेला कुणी हौस म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. हौस बांगड्यांची असते, सिनेमाची असते, असं तिचं मत. थंडीत अंगणभर फुलं उभी करायची हे काम आहे, आणि ते आपण चांगलं करतो, हे स्वतःच्या तोंडाने सांगायलाही ती लाजत नसे. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत जानेवारीत शिरलेला माणूस तिच्या फाटकापाशी थबकल्याशिवाय पुढे जात नव्हता, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायला कुणी धजावतही नसे.

तिचं माहेर उरणचं. वडील मिठागरावर देखरेखीला होते आणि घराच्या दारात उभं राहिलं की समोर मिठाचे चौकोनच चौकोन. बांधावर गवताचं पातं उगवायचं नाही. तिच्या आईने एकदा हौसेने लावलेला गुलाब वर्षभर काडीसारखा उभा राहिला आणि एक दिवस शेजारच्या बकरीने त्याचीही सुटका केली. अशा घरातली मुलगी लग्न होऊन पनवेलला आली, आणि सासरच्या घरापुढे काळ्या मातीचं एवढं मोठं अंगण, मागे गोड्या पाण्याची विहीर बघून पहिल्याच दिवशी हरखून गेली. सासूला वाटलं, सून घर बघून खूश झाली. सून बघत होती माती.

पण अंगण फुलायला वेळ लागला. रसायनीला एका कंपनीच्या कॉलनीत तिची आतेबहीण राहायची. तिच्याकडे फरिदा एकदा थंडीत गेली आणि तिथल्या बंगल्यांपुढे जे पाहिलं त्याने तिची झोपच उडाली. जांभळे, गुलाबी, पांढरे पेट्युनिया. भडक लाल साल्विया. मांजरीच्या पिल्लासारखं तोंड करून बघणारी पॅन्सी. तिथल्या माळ्याला गोड बोलून तिने ओढणीच्या टोकात बी बांधून आणलं आणि भाद्रपदातच पेरून टाकलं. रोपं वर आली, चार दिवस डोलली आणि मुळाशी कुजून आडवी झाली. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हाने करपवली. तिसऱ्या वर्षी फरिदाने पंचांग, पाकिटावरच्या सूचना आणि आतेबहिणीचा सल्ला हे सगळं बाजूला ठेवलं. पहाटे नळाखाली हात धरल्यावर पाणी गार लागलं, त्याच दिवशी बी पेरलं. त्या वर्षी जे फुललं ते पुढे कधी थांबलं नाही.

तिची पद्धत तिची होती. पेट्युनियाचं बी हळदीच्या पुडीइतकं बारीक, ते चाळलेल्या रेतीत मिसळून भुरभुरायचं. मासळी बाजारातले थर्माकोलचे फुटके खोके आणायचे, तळाला भोकं पाडायची, त्यात रोपं वाढवायची. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते उंच न जाता चहूकडून फुटतं. शेंडे खुडताना मुलगी आलिया कळवळायची. फरिदा म्हणायची, "आज दया केलीस तर जानेवारीत एकच फूल बघशील." आणि रोज मासळी धुतलेलं पाणी झाडांना. कोळणीकडून ताजी मासळी आली की तिचं धुवण गटारात टाकणं म्हणजे त्या घरात गुन्हा होता.

हे सगळं एका माणसाने मात्र कधीच पाहिलेलं नव्हतं. तो म्हणजे तिचा नवरा.

महमूद कुवेतला शाळेची बस चालवायचा. शाळेला सुट्टी उन्हाळ्यात, म्हणून याची रजाही तेव्हाच. तो घरी यायचा तो नेमका जून-जुलैत. त्यामुळे लग्नानंतरची सगळी वर्षं त्याने आपलं अंगण पाहिलं ते चिखलाचं, शेवाळाचं, गुडघाभर तणाचं. एकदा तर विमानतळावरून येऊन बॅग हातात असतानाच तो फाटकात घसरून पडला होता, आणि ती कथा मोहल्ल्यात आजही सांगितली जाते. आलियाने मोबाईलवर फुलांचे फोटो पाठवले, पण त्या इवल्याशा पडद्यावर सगळा बगीचा धुवायच्या कपड्यांच्या ढिगासारखा दिसायचा. महमूदने "छान" म्हणून कळवलं. छान म्हणजे काही नाही, हे बायकोला कळायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट फरिदाला आत कुठेतरी टोचायची. घरात जे चांगलं दिसेल ते कुवेतचं, असा लोकांचा समज. मिक्सर कुवेतचा, पडदे कुवेतचे, ते खरंच होतं. पण येणारे-जाणारे फुलांकडे बघूनही म्हणायचे, "बी कुवेतचं असणार." वाळवंटातून पेट्युनिया येतात असं मानणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं! ती फाटक जरा जोरात लावायची.

२००९ च्या हिवाळ्यात महमूद कायमचा परत यायला निघाला. आणि तो यायच्या आधी त्याने पाठवलेली भेट आली. टेम्पो दारात उभा राहिला, कंत्राटदार दयारामची माणसं उतरली आणि त्यांनी अंगणाच्या कडेला लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची भिंतीएवढी रास रचून टाकली. संध्याकाळी महमूदचा फोन. आवाजात नुसता आनंद. "बघितलंस? सगळं अंगण पक्कं करून टाकू. आता तुला चिखल तुडवायला नको. हातपाय मोडायचं वय झालं आपलं."

फरिदाने फोन ठेवला आणि ती ओट्यावर येऊन बसली. नवऱ्याला वाईट म्हणावं तर तो तिच्याच सुखासाठी करत होता. मग उठून तिने थर्माकोलचे खोके एकेक करून त्या ब्लॉकच्या राशीवर नेऊन मांडले. पेट्युनियाला तेवढंच जास्त ऊन.

डिसेंबरच्या सुरुवातीला महमूद आला. नशीब असं, की त्या वर्षी थंडी लांबली होती. अंगणात सगळं हिरवं, कळ्या मिटलेल्या, एखादंच फूल उघडलेलं. त्याने नजर फिरवली, "चांगलं हाय," म्हणाला, आणि ब्लॉकची रास बोटाने ठोकून पाहिली.

"आलियाचे अब्बा," फरिदा म्हणाली, "संक्रांत होऊ द्या. तोवर फुलं येतील. तुमी डोळ्याने बघा. मग जे काय करायचं ते करा, मी एक शब्द बोलणार नाय."

"बरं बाबा," तो म्हणाला. "दयारामला संक्रांतीनंतरच बोलावतो."

एवढंच मागणं होतं तिचं. वर्षानुवर्षं ज्याला दाखवायचं राहिलं त्याने एकदा बघावं. बघून जर तो म्हणाला की घाल ब्लॉक, तर घालावेत. पण न बघता नकोत.

डिसेंबरच्या मध्यावर तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. फरिदा आलियाला घेऊन दोन आठवडे उरणला गेली. महमूदची बँकेची कामं होती, तो मागे राहिला. आणि ती गेली त्याच आठवड्यात थंडी पडली. सकाळी चहाचा कप घेऊन महमूद ओट्यावर आला तर कालचं हिरवं अंगण आज ओळखू येत नव्हतं. जांभळा पेट्युनिया उघडला होता. त्याच्या मागोमाग गुलाबी, मग फ्लॉक्स, मग साल्वियाचे लाल तुरे. तो रोज सकाळी एकटा तिथे बसू लागला. चहा दोनदा होऊ लागला. पॅन्सीची तोंडं बघून त्याला हसू यायचं. वाळवंटात रस्त्याकडे बघून बघून कोरडे पडलेले डोळे त्याचे. ते सकाळभर फुलांवरून उठायचे नाहीत. आपण काहीतरी करावं यांच्यासाठी, असं त्याला मनापासून वाटलं.

आणि त्याने केलं.

कुवेतमध्ये त्याला सगळ्यात जास्त आठवण यायची ती खाऱ्या बांगड्याची. बायको घरात नाही, वासापायी मनाई करणारं कुणी नाही. त्याने बाजारातून चांगला मिठात मुरलेला बांगडा आणला आणि खारटपणा उतरावा म्हणून पाण्यात भिजत घातला. पाणी बदललं, पुन्हा बदललं. आता त्या घरात मासळीचं पाणी कुठे जातं हे त्याने पाहून ठेवलंच होतं. ताज्या मासळीचं धुवण आणि खाऱ्या मासळीचं धुवण यांत काही फरक असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरात खारा बांगडा रोज शिजायला लागला आणि रोज ते पाणी फुलांना, मोजून, एकालाही न वगळता, प्रेमाने.

फरिदा परतली ती दुपारी. रिक्षातून उतरतानाच तिला कळलं. झाडं मान टाकून उभी होती. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी, पॅन्सी तर भुईसपाट. पिशवी तिथेच टाकून तिने मातीत बोटं घातली. माती ओली होती. पाणी असून झाड सुकतं तेव्हा घात मुळाशी असतो. मातीवर पांढुरकी साय धरली होती. ती साय तिने लहानपणापासून पाहिलेली होती. मिठागराच्या पोरीला ती ओळखायला चाखून बघावी लागत नाही.

"काय घातलंत यांना?"

"मासळीचं पाणी," महमूद अभिमानाने म्हणाला. "रोज घातलं. एक दिवस चुकवलं नाय."

"कसली मासळी?"

त्याने सांगितलं. सांगता सांगता तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली खाली गेला.

फरिदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बोलवा दयारामला. उद्याच बोलवा. आता काय राखायचंय? घाला तुमचे ब्लॉक."

त्याला हवं होतं तेच तिने आपणहून दिलं होतं. पण महमूदने फोनकडे पाहिलंही नाही. तो खाली वाकून एका जळक्या पेट्युनियाकडे बघत होता. मग म्हणाला, "मी तर रोज यांच्यासंगत चाय पीत होतो गं." आणि पुढे, "मीठ निघत नाय का? बांगड्यातनं निघतं. मातीतनं नाय निघणार?"

फरिदाने मान वर केली. एवढ्या रागातही तिला कबूल करावं लागलं, की माणसाने प्रश्न बरोबर विचारला.

"निघतं," ती म्हणाली. "गोडं पाणी पाहिजे. बादलीभर नाय, विहीरभर. घालाल?"

महमूदने बाह्या सरसावल्या. नेमका विहिरीचा पंप बंद पडलेला, म्हणून रहाट. स्टिअरिंग धरून धरून त्याचे खांदे आखडलेले होते, पण तो ओढत राहिला. ती सांगेल तिथे ओतायचं. एक पाणी निथळून जाऊ द्यायचं, मग दुसरं. खोक्यांना तळाला भोकं होती, त्यांतून खारं पाणी लवकर गेलं. वाफ्यातल्या मातीने छळलं. तिथे फरिदाने चर काढले, पाणी फाटकाबाहेर वळवलं. गल्लीतली माणसं येऊन विचारू लागली, महमूदभाई, काय चाललंय? महमूद म्हणायचा, "झाडांना आंघोळ." विहिरीभोवती एवढा चिखल झाला की तो तिथे एकदा सणसणीत आपटला, आणि फरिदा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

पॅन्सी गेली, ती गेलीच. डायंथसची रोपंही अर्धी गेली. पण पेट्युनियाच्या जळक्या फांद्या फरिदाने निर्दयपणे बुडख्यापर्यंत छाटल्या, तेव्हा कळवळायची पाळी महमूदची होती. संक्रांत आली तेव्हा अंगणात दाखवण्यासारखं काही नव्हतं. नुसते खुंट आणि त्यांवर राईएवढे हिरवे डोळे. ब्लॉकचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रात्री निजताना तिच्या मनात यायचं, शब्द तर आपणच देऊन बसलोय.

मग खुंट फुटले. एकाचे चार, चाराचे दहा शेंडे निघाले, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर अंगण असं पेटलं की आधीच्या कुठल्याच वर्षी पेटलं नव्हतं. पेट्युनिया खोक्यांतून सांडून ब्लॉकच्या राशीवरून खाली लोंबला. लाल साल्वियाच्या मागे पिवळी शेवंती, कडेने पांढरा फ्लॉक्स. सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरी मुद्दाम या गल्लीने जाऊ लागल्या. फरिदा फाटकापाशी उभी राहून सगळ्यांना बघू द्यायची आणि स्वतः त्यांची तोंडं बघायची.

अशाच एका सकाळी दयाराम दोन माणसं, फावडी आणि रेतीचा टेम्पो घेऊन हजर झाला. संक्रांतीनंतर ये, असं त्याला सांगितलेलंच होतं. फरिदा ओट्यावर होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं आणि ती उभी राहिली. दिलेला शब्द मोडायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

दयाराम फाटकातच खिळला होता. "अरे बापरे," तो म्हणाला. "महमूदशेठ, कुवेतचं बी दिसतंय! म्हणूनच एवढं फुललंय."

महमूद हातातली झारी घेऊन वाफ्यातून बाहेर आला. "मी कुवेतवरून काय पण नाय आणलं," तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मी फक्त यांच्यात मीठ घातलं. मारून टाकली होती सगळी. ही जी उभी हायत ना, ती हिने उभी केली. इतकी वर्षं हीच करते, आणि मी इतकी वर्षं येऊन नुसता चिखल बघून गेलो."

दयारामला यातलं फारसं काही कळलं नाही. "मग ब्लॉक?" त्याने विचारलं.

"मागे घाल, विहिरीपाशी. तिथे माणूस पडतो. इथल्या मातीला फावडं लावायचं नाय." मग माणसं रास उचलायला पुढे झाली तसा तो घाईने म्हणाला, "थांबा, थांबा, आधी वरचे खोके मी उतरवतो."

फरिदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता, आणि त्यात लपवण्यासारखं काय होतं? तिने ओढणी डोक्यावर सारखी केली, पायऱ्या उतरून खाली आली आणि दयारामपुढे उभी राहिली.

"बी माझं हाय," ती म्हणाली. "तुला पाहिजे असेल तर होळीनंतर ये. फुलं वाळली की काढून देईन."