स्वल्प अ‍ॅडजस्ट
जलसंजीवनीच्या पुडीचा संत्र्यासारखा वास आला की नव्वदच्या दशकातला बनशंकरीचा तो दवाखाना आठवतो. दीड वर्षाच्या लेकीला पाण्यासारखे जुलाब होत होते. ‘दात येताहेत, होतंच,’ म्हणत सासूबाईंनी मला दुपारपर्यंत थांबवलं. पण तिला सकाळपासून लघवी नव्हती आणि रडताना डोळ्यांत पाणीही येईना, तेव्हा मी तिला उचलून निघाले. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, ‘रांग आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का.’ म्हणजे कानडीत, जरा सांभाळून घ्या, ताई. ‘अण्णा, साड्या विकताना मी भावात स्वल्प अ‍ॅडजस्ट करते, लेकीच्या जिवात नाही!’ म्हणत मी आत घुसले. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, आणि संध्याकाळी लेक चमच्याचमच्याने जलसंजीवनी पिऊ लागली. सासरी मला अजून भांडखोर म्हणतात. म्हणोत! पण त्यांच्या पोरांना जुलाब झाले की फोन मलाच येतो, आणि मी आधी विचारते, ‘लघवी झाली का?’