चिखलातल्या जत्रेची कॅसेट

व्हिडिओच्या दुकानात चार वर्षं काढली की सिनेमे विसरायला होतात, गिऱ्हाईकं मात्र डोक्यातून जात नाहीत. ऐंशीच्या दशकात मी बहरीनमध्ये, हूरा भागातल्या अशाच एका दुकानात होतो. मी काउंटरवर आणि आत कॅसेटच्या कॉप्या काढायला राजापूरचे गफूरभाई. लाख माणूस! पण कॉप्या दिवसभर काढायचे आणि लेबलं संध्याकाळी एकदम चिकटवायचे. "मला सगळं पाठ आहे रे!" म्हणायचे. डोंबलाचं पाठ!

एका इंग्रज साहेबाने मायदेशी परत जाताना एक कॅसेट दुकानाला देऊन टाकली. जुन्या रॉक अँड रोल फेस्टिव्हलची डॉक्युमेंटरी. मैदान, पाऊस, चिखल, लाखभर पोरं आणि स्टेजवर गिटारवाले. गफूरभाईंनी ती पाहिली आणि थेट 'धार्मिक'च्या कप्प्यात लावली.

"अहो, रॉक अँड रोल आहे ते!"

"उघड्यावर झोपलेत, दाढ्या वाढल्यात, डोळे मिटून गातायत. उरूस नाही तर काय?"

*

बाब अल बहरीनच्या कापडदुकानातले सावंत ती धार्मिक समजून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तणतणत हजर.

"दोन तास बसलो! हिरो कोण तेच कळलं नाही!"

"सावंत, यात गर्दीच हिरो आहे," मी म्हटलं.

"मग तिला एक तरी डायलॉग द्यायचा!"

*

वसंता तुबलीच्या गॅरेजमध्ये जनरेटर दुरुस्त करायचा. त्याने तीन शुक्रवार तीच कॅसेट नेली. मला वाटलं, गाण्यांचा नाद लागला.

"गाणी गेली उडत," तो म्हणाला. "एवढ्या स्पीकरना करंट कुठून दिला ते बघतोय. भर पावसात! आणि एकालाही शॉक नाही! मला कॉपीच काढून द्या."

*

त्याच दिवसांत गफूरभाईंच्या आईचा निरोप आला. ते पाच वर्षं घरी गेले नव्हते. सुट्टी मागितली की अर्बाब, म्हणजे आमचा मालक, "इंशाल्ला" म्हणायचा. विषय खलास! तिकडे आईचा एक डोळा गेला होता, दुसरा अधू होत चालला होता. निरोप असा होता : "डोळ्यांत उजेड आहे तोवर तुझं तोंड दाखव."

तेव्हा व्हिडिओवर बोलून ती कॅसेट सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेतून गावी पाठवायची पद्धत होती. दुकानाचा कॅमेरा मी धरला. बहरीनच्या पाण्याने गफूरभाईंचे केस पार गेले होते आणि आईला ते ठाऊक नव्हतं, म्हणून टोपी घालून बसले. "मी मजेत आहे" एवढं म्हणाले आणि रडायलाच लागले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी तशीच कॅसेट एका राजापूरकराच्या हाती पाठवली.

चार दिवसांनी वसंता आला. "यात स्पीकर कुठायत? यात तर गफूरभाईच आहेत. आणि रडतायत कशाला?"

वसंताची कॉपी आणि गफूरभाईंची कॅसेट, दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, लेबलाविना! गफूरभाई म्हणाले, "म्हातारीसमोर आता तो चिखल लागणार. बिचारी आहे तेवढ्या नजरेने मला शोधत बसणार." मला त्यांच्याकडे बघवेना.

तीन आठवड्यांनी त्यांच्या भावाचं पत्र आलं. वाचायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी वाचलं :

"सगळी वाडी जमली होती. दोन तास झाले तरी तू दिसेनास. आई टीव्हीला नाक लावून बसलेली. शेवटी तिलाच सापडलास, स्टेजच्या डाव्या अंगाला, चिखलात नाचताना. आम्हाला काही तो तू वाटला नाहीस, पण तिच्यापुढे बोलणार कोण? म्हणते, बारीक झालाय, पण पोटभर हसतोय, आता मला घोर नाही. केस तेवढे कापायला सांग म्हणते, खांद्याखाली आलेत."

मी खरी कॅसेट पुढे केली. "ही पाठवायची ना आता?"

गफूरभाईंनी ती माझ्या हातातून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. मग टोपी काढून टकलावरून हात फिरवला.

"कागद घे. लिही तिला, आजच कापतो म्हणावं."