शेकायची पिशवी

अगं पोरी, फोन जरा कानाशी धरून ऐक. माझे गुडघे शेकायला रबरी पिशवी धाडलीस, पण स्वतः आली न्हाईस, हे शोभतं व्हय? ती पिशवी दाबली आन् कळंबच्या दवाखान्यातली दुपार आठवली. सोयाबीन खुरपताना तुझ्या आईला नाग डसला होता. औषध चढवलं, तरी तिचा श्वास थांबला. श्वास देणारं एकुलतं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. नर्सबाईनं तिच्या घशातल्या नळीला रबरी फुगा जोडला आन् मला म्हणाली, "मशीनची गाडी येईस्तोवर हा दाबत राहा." भीतीनं माझा हात भराभरा चालला, तशी ती ओरडली, "आजी, म्हशीची धार काढताय का? स्वतः श्वास घ्याल तेव्हाच दाबा!" मग मी श्वास घेतला की दाबायची, सोडला की ढिला करायची. स्पिरिटच्या वासानं डोकं गरगरत होतं, हाताला मुंग्या आल्या होत्या. तुझा बाप म्हणाला, "आई, मला दे." म्हटलं, "माझा ताल बसलाय, गप बस." गाडी आली तवा कुठं फुगा सोडला. आज तीच तुझी आई गोठ्यात धार काढतीय, आन् मी तिचा श्वास मोजत बसलेय. दुसरी म्हैस आठ दिवसांत विणार हाय; खरवस खायला तरी लवकर ये गं.